सरकार नसेल तर राखण कोण करणार?



मोर्चा घेऊन गेलो, साहेबाच्या केबिनमध्ये गेलो, की एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही म्हणता पाड्याचा निर्णय पाडा घेणार. मग सरकार नसेल तर तुमचं रक्षण कोण करणार? एकमेकांची डोकी फोडाल." आणि आपल्याच बैठकीत तरणी पोरं बरोबर उलटं बोलतात. "सरकार पाहिजेच कशाला? ते फक्त तोडायला येतं. गेलं तर बरंच." दोघांचंही अर्धंच खरं आहे. म्हणून दोघांनाही उत्तर द्यायचं आहे.

आधी साहेबांना.

दहिसर नदी तुळशी तलावाखालून निघते, जंगलातून, पाड्यांच्या कडेने बोरिवली-दहिसरला उतरते आणि खाडीला मिळते. या जंगलात बिबट्या आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहोत. त्याला आपण वाघच म्हणतो आणि वाघदेव म्हणून मान देतो. पण नुसता नारळ फोडून कोणी वाचत नाही. दिवेलागणीला पोरं आत घ्यायची, झाडोऱ्यात एकट्याने वाकून बसायचं नाही, कोंबड्या-शेळ्या बंदिस्त ठेवायच्या, वाघ दिसला तर गर्दी करून कोंडी करायची नाही. हे नियम कुठल्या खात्याने शिकवले नाहीत. म्हातारीने नातवाला शिकवले.

मग खात्याने काय केलं? वाघ दिसला की पिंजरा लाव, पकड, दुसऱ्या जंगलात नेऊन सोड. जुन्नरकडे हेच केलं, आपल्या या जंगलातही बाहेरचे वाघ आणून सोडले. अनोळखी रानात सोडलेला वाघ बिथरतो. २००४ च्या जून महिन्यात इथे जंगलाच्या कडेला एकामागून एक माणसं गेली. पुढे विद्या अत्रेय या अभ्यासक बाईंनी जुन्नरचा हिशेब मांडला. तिथे पकडून सोडण्याने हल्ले घटले नाहीत, उलट वाढले. २०११ नंतर इथल्या वनखात्याने अभ्यासक आणि शहरातल्या कार्यकर्त्यांना घेऊन वेगळं काम सुरू केलं. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी म्हणजे वाघ वस्तीत कमी येईल. उजेड ठेवा, गर्दी करू नका. म्हणजे आपली म्हातारी सांगत होती तेच, फक्त कागदावर. साहेब, रक्षणाची अक्कल फक्त तुमच्याकडे आहे, हे आधी डोक्यातून काढा.

आणखी एक दिवस आठवा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहिसर नदी घराघरात शिरली. फोन बंद, गाड्या बंद, पोलीस नाही, अधिकारी नाही. त्या रात्री मुंबईत सरकार नव्हतंच म्हणा. लोकांनी एकमेकांना लुटलं का? उलट दारं उघडली. अनोळखी माणसाला घरात घेतलं, दोर लावून बाया-पोरं बाहेर काढली, चहा-बिस्किटं वाटली. सरकार नसलं की माणूस जनावर होतो, असं म्हणणाऱ्याने ती रात्र आठवावी.

आता आपल्या पोरांना.

माणुसकीवर चार दिवस निघतात. चाळीस वर्षं निघत नाहीत. पूर ओसरला आणि लेप्टोचा ताप आला, तेव्हा शेजाऱ्याचा दोर कामाला आला नाही. दवाखाना लागला, गोळ्या लागल्या.

दुसरं. सरकार नसतं तिथे जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी येऊन बसतंच. डहाणू-उंबरगावच्या आपल्या वारली आजा-पणज्यांना विचारा. कागदावर राज्य इंग्रजांचं, पण पाड्यावर राज्य जमीनदाराचं. वेठ त्याची, चाबूक त्याचा. लग्नाला चार पैसे उसने घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे गुलाम, लग्नगडी. दाद मागायला जागाच नव्हती. आणि वारल्यांनी मान वर केली तेव्हा सरकार आलं, पण कोणाच्या बाजूने? १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळी चालवली. जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मा झाले. वेठ संपली ती सरकारच्या दयेने नाही आणि सरकार नसल्यामुळेही नाही. गोदावरी परुळेकरांच्या बरोबर पाडे एक झाले, सगळ्यांनी मिळून कामाला नाही म्हटलं, म्हणून संपली.

आज जमीनदाराच्या जागी कोण आहे ते सांगायला नको. पाड्याची एकी नसेल आणि सरकारही नसेल, तर सकाळी बिल्डरचा माणूस येईल, दुपारी झोपडी विकणारा दादा येईल आणि संध्याकाळी आपलाच एखादा फुटेल.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण या कागदावर नाही लिहायची तर कुठे लिहायची? आपल्या पाड्यातही सगळे सुरक्षित नव्हते. पोर तापाने मेलं, जनावर दगावलं, की भगत बोट दाखवतो, भुताळी! ते बोट कधी धट्ट्याकट्ट्या माणसाकडे जात नाही. एकटी बाई, विधवा, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा. मग पंच बसतात, सगळे पुरुष, आणि अख्खा पाडा एका बाईवर उठतो. तिथे तिला कोण राखणार? पाड्यापासूनच धोका असेल तर पाड्याबाहेरचा कायदा लागतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा, हे याचसाठी लागले. ज्या पोराला सरकार अजिबात नको आहे, त्याने या बाईच्या दारात उभं राहून तसं म्हणावं.

मग आपलं म्हणणं काय?

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड गाव आहे. लेखा-मेंढा म्हणतात. त्यांची घोषणा आपण मोर्चात देतो, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. घोषणा देतो, पण नीट ऐकत नाही. ते सरकार नको म्हणत नाहीत. दिल्ली-मुंबईतलं सरकार आमचंच आहे, म्हणतात. पण गावात हुकूम गावाचा. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एक माणूस नाही म्हणाला तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. बाया सभेत बसतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी खातं बांबूची वाहतूक परवान्याची वही सोडेना. २७ एप्रिल २०११ ला दिल्लीचा मंत्री गावात आला तेव्हा ती वही ग्रामसभेच्या हातात पडली. सरकार तिथे गेलं नाही. जागेवर बसलं, एवढंच.

आणि इथे दहिसर-बोरिवलीत? मुंबई उपनगर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा नाही. ग्रामपंचायत नाही, महापालिका आहे. म्हणून साहेब विचारतात, तुमची ग्रामसभा कुठली? आता वनहक्क कायदा २००६ उघडा. कलम २ मध्ये गाव म्हणजे काय ते लिहिलं आहे. जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, नोंद असो वा नसो, तेही गावच. कलम ३ च्या दुसऱ्या भागात तेरा सोयी आहेत. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विजेची लाईन, पिण्याचं पाणी, रस्ता. प्रत्येकीला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटणार नसतील तर. पण अट काय? ग्रामसभेची शिफारस.

आता साखळी जोडून बघा. पाड्याला गाव म्हणायचं नाही, म्हणून ग्रामसभा नाही. ग्रामसभा नाही, म्हणून शिफारस नाही. शिफारस नाही, म्हणून दिवा नाही. दिवा नाही, संडास नाही, म्हणून पोर अंधारात झाडोऱ्याकडे बसतं. आणि मग वाघाने पोर उचललं की तेच साहेब येतात आणि म्हणतात, इथे राहणं सुरक्षित नाही, पाडा उठवा! राखण करू न देणाऱ्यानेच विचारायचं, तुमची राखण कोण करणार?

म्हणून आपलं उत्तर सरळ आहे. सरकार नको, असं आपण म्हणत नाही. आमच्यावाचून सरकार नको, असं म्हणतो. दवाखाना, शाळा, एकट्या बाईमागे उभा राहणारा कायदा हे सरकारचं काम, ते त्याने करावं. जंगल, पाणी, वाट, रात्रीची राखण याचा निर्णय पाड्याचा. पाडा चुकला तर कायदा अडवेल, सरकार चुकलं तर पाडा अडवेल.

पुढच्या महिन्याच्या आत प्रत्येक पाड्याने एवढं करायचं:

१) पाड्याची सभा बोलवा. निम्मी माणसं हजर हवीत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया. बाया नसतील तर सभा मोडा, दुसऱ्या दिवशी घ्या.

२) दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडा. त्यातही एक तृतीयांश बाया. दावे तिच्याकडे द्या. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. तोडायला आले तर तेच पान पुढे करा.

३) दिवा, पाणी, अंगणवाडी यांच्या शिफारशीचे ठराव वेगवेगळे लिहा. सह्या-अंगठे घ्या.

४) आमच्या पाड्यात कोणाला भुताळी म्हणणार नाही, वाळीत टाकणार नाही, हा ठराव त्याच सभेत, त्याच वहीत घ्या. साहेबांना दाखवायला नको, आपल्यासाठी.

ठराव घेऊन ऑफिसात एकट्या-दुकट्याने जाऊ नका. अख्खा पाडा जा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.