उणकलच्या तळ्याअलीकडे

हल्याळ-जोयड्याकडून रुग्ण घेऊन धारवाडमार्गे निघालेल्या गाडीला उणकलचे तळे दिसू लागले, की बरोबरच्या माणसांना हायसे वाटते. १९५७ साली सुरू झालेले हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेथून फार दूर नाही. परंतु सेप्सिस झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा दिलासा पुष्कळदा फसवा ठरतो. त्याच्या जगण्यामरण्याचा निकाल तळ्याच्या अलीकडेच, घरच्या खाटेवर आणि गावच्या दवाखान्यात, बव्हंशी लागून गेलेला असतो.

जखम ‘सेप्टिक झाली’ असे आपण सर्रास म्हणतो व त्यातून पू धरला एवढाच बोध घेतो. या ओळखीच्या शब्दानेच घात केला आहे. सेप्सिस म्हणजे जखमेतील पू नव्हे. जंतूंशी झुंजता झुंजता शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांवर उलटतो, ती ही अवस्था. तिचे मूळ भातखाचरात रुतलेल्या काट्यात असेल, न्युमोनियात असेल, बाळंतपणात असेल, किंवा पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीला छळणाऱ्या लेप्टोच्या तापात असेल. ‘लान्सेट’ने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला व १ कोटी १० लाख दगावले, म्हणजे दर पाच मृत्यूंत एक. आणि आपण मात्र ‘तापाने गेला’ म्हणून मोकळे होतो.

हा रोग ओळखणे हे केवळ मोठ्या डॉक्टरांचे काम, अशी एक समजूत आहे. तिला उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, मिळून चुकले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत, बेताचे शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांतील सेप्सिस ओळखण्यास शिकविले. बाळ अंगावर पिईनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग गार वा लुळे पडले, की या आरोग्यदूत सावध होत आणि दवाखान्यात जाणे शक्य नसेल तेथे आईबापांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. पूर्वी अशा शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तिनाच्याही खाली आले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लान्सेट’मध्ये आले तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. पुढे २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटींचे काम देशभर आशांकडे आले. लक्षणे ठाऊक असलेली बाई वेळेवर बाळापाशी होती, हेच यातले खरे बळ.

मग मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण एवढे गाफील का? ताप आलेला माणूस भलतेसलते बोलू लागला, तर घरातले ‘तापात बरळतो’ म्हणून पांघरूण नीट करतात. श्वास मिनिटाला बावीसच्या घरात जाणे, वरचा रक्तदाब शंभराखाली उतरणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे या धोक्याच्या खुणा आहेत. त्या टिपायला घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि लक्ष एवढेच लागते. परंतु घड्याळ लावून श्वास मोजण्याचा कंटाळा आणि तक्त्यावर अंदाजाने आकडा भरण्याची सवय, ही आपल्या रुग्णालयांची जुनी खोड आहे. प्रत्येक तापाला प्रतिजैविके गिळावीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. औषधाच्या दुकानातून मनाने घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि खऱ्या प्रसंगी औषध लागू पडत नाही. मात्र सेप्सिसने रक्तदाब ढासळला असेल, तर तासाभरात योग्य प्रतिजैविक सुरू व्हावे, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. लांबच्या तालुक्यातल्या रुग्णाचा तो तास प्रवासातच सरतो.

म्हणून हुबळीला रुग्ण धाडताना ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच खरडलेली चिठ्ठी पुरेशी नाही. श्वास किती, रक्तदाब किती, लघवी केव्हा झाली, कोणते औषध किती वाजता दिले, हे तीवर असले पाहिजे. दरसाल १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन पाळला जातो. त्या दिवशी पत्रके वाटण्यापेक्षा तालुक्यातालुक्यांतून परिचारिका, आशा आणि रुग्णवाहिकेचे चालक यांना ही चिठ्ठी भरण्याचा सराव दिला, तर अधिक उपयोग होईल. हल्याळकडची माणसे घरात मराठी बोलतात आणि हुबळीच्या कक्षात कानडी चालते, हेही ध्यानात ठेवावे लागेल. ‘कालपासून माणूस ओळखत नाहीत’ हे म्हाताऱ्या बायकोचे एक वाक्य यंत्रापेक्षा आधी रोग सांगत असते. दाराशी तिला तिच्या भाषेत ते विचारणारे कोणीतरी हवे.