वाडीची नदी आणि आपली कार्यक्रमपत्रिका

आषाढ सरत आला की नृसिंहवाडीच्या फेऱ्यांसाठी फोन वाजू लागतात. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येते, तिच्या पाठोपाठ ‘दक्षिणद्वार सोहळा झाला’ असा निरोप मोबाइलवर फिरतो आणि ‘उद्या गाडी आहे का?’ ही विचारणा सुरू होते. कृष्णेचे पाणी चढून उत्तरेकडून देवळात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान घडावे, ही दत्तभक्तांची पिढ्यान्‌पिढ्यांची आस आहे. तिच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण भाविकाला जे पर्व वाटते, तो नदीच्या लेखी पूर असतो. यात्रा नेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवूनच गाडी काढली पाहिजे.

वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. त्याआधी सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत मिसळलेली असते. म्हणजे कोयना, वारणा आणि राधानगरी या तिन्ही धरणांखालचे पाणी याच घाटापुढून जाते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. त्यामुळे वाडीत लख्ख ऊन असतानाही पाणी चढू शकते. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. पाऊस नाही, मग भीती कसली, असे तो धरून चालतो. टूर लीडरने मात्र निघण्याआधी दोन आकडे पाहिलेच पाहिजेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे; सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची अनुक्रमे 40 आणि 45 फूट. पातळी किती आहे यापेक्षा ती चढते आहे की उतरते आहे, याला जास्त महत्त्व द्या. 2019 आणि 2021 मध्ये शिरोळ तालुक्याने जे भोगले, त्यानंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणायची सोय आपल्या व्यवसायात कुणालाच उरलेली नाही.

आता घाटाकडे वळू. पाणी वर आले की खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पुढची पायरी कुठे संपते हे कळत नाही. मागून ओल्या कपड्यांतली गर्दी रेटत असते. पाणी गढूळ, पायाखाली शेवाळ, एका हातात नातवाचा हात आणि दुसऱ्या हातात फोटोसाठी उघडलेला मोबाइल. उतरता दक्षिणद्वार तर आणखी फसवा. पूर ओसरतोय म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि नेमक्या तेव्हाच पायऱ्यांवर गाळाचा बोटभर थर बसलेला असतो. तो वाळला की वरून जमीन घट्ट वाटते, पण पाय पडला की आतला ओला थर सरकतो. अनवाणी पायांनाही त्यावर पकड मिळत नाही. संस्थानचे सेवेकरी किंवा पोलीस जिथे थांबवतील तिथे थांबायचे. ‘आमची माणसं लांबून आलीत’ अशी रदबदली आपल्यापैकी कुणीही करू नये.

नावेचेही तसेच. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. बोटीत मावतील त्याहून जास्त माणसे होती. तिथे निदान जीव वाचवण्याची घाई होती. संगम पाहायला निघालेल्यांना कसली घाई असते? लाइफ जॅकेट माणशी एक नसेल, तर आपला गट नावेत बसणार नाही, हे नावाड्याला आधीच सांगून टाकावे.

आमचा खरा आक्षेप मात्र आपल्याच कार्यक्रमपत्रिकांवर आहे. सकाळी अंबाबाई, मग जोतिबा, दुपारच्या महापूजेला वाडी, संध्याकाळी खिद्रापूरचे कोपेश्वर आणि रात्री परतीचा प्रवास, अशा पत्रिका आजही सर्रास छापल्या जातात. त्यात वाडीच्या वाट्याला येतो दीड तास. त्या दीड तासात पार्किंगपासून चालत जायचे, पेढे-बासुंदीच्या दुकानांमधून वाट काढायची, दर्शनाची रांग धरायची, प्रसाद घ्यायचा आणि स्नानही उरकायचे. सत्तरीच्या आजी घाटावर धावतात त्या या वेळापत्रकामुळे. गळ्यातले मंगळसूत्र गेले किंवा माणूस चुकला, तरी मुळाशी बहुतेक वेळा हीच घाई सापडते. उपास धरलेले ज्येष्ठ महाप्रसादापर्यंत काही खात नाहीत, मधुमेहाची गोळी मात्र सवयीने घेऊन मोकळे होतात, आणि रांगेत त्यांना भोवळ येते. हे सकाळी गाडीतच विचारून घेता येते. प्रत्येकाच्या खिशात गाडीचा नंबर आणि टूर लीडरचा फोन ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. घाटावर मोबाइल भिजतो, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत टिकते. जमायची जागा घाटावर नको, वरच्या अंगाला ठरवावी.

गुरुद्वादशी आणि दत्तजयंतीला पुराची भीती नसते, पण गर्दी कितीतरी वाढते. 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवीला जवळपास तीनशे भाविक दगावले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अरुंद वाट ही त्यामागची कारणे साधीच होती, आधी दिसण्यासारखी होती. अशा दिवशी वाडीला गट न्यायचाच, तर मुक्कामी न्यावा आणि दर्शन काकड आरतीला किंवा रात्री उशिरा ठेवावे.

श्रावणाच्या नोंदणीअर्जात या वर्षीपासून एक ओळ घालावी, अशी आमची सर्व यात्रा-व्यावसायिकांना विनंती आहे: ‘नदीच्या पातळीमुळे स्नान, नौकाविहार किंवा संपूर्ण फेरी रद्द करण्याचा निर्णय टूर लीडर घेईल. फेरी रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल.’ पैसे परत मिळणार म्हटल्यावर प्रवासी वाद घालत नाहीत, आणि मालक रागावेल या धास्तीने टूर लीडरला गाडी पुढे दामटावी लागत नाही. ज्यांनी ही ओळ छापली असेल त्यांनी आपला अर्ज आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात तो नमुना म्हणून देऊ, म्हणजे लहान व्यावसायिकांना तो जसाच्या तसा वापरता येईल.