नवा लॅपटॉप घेण्याआधी जुना एकदा उघडून बघा

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. तेव्हापासून घरोघरी ऐकू येतं, "हा गेला, आता नवीनच घ्यावा लागेल." पालकांनो, विद्यार्थ्यांनो, हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी थांबा, ही कळकळीची विनंती.

माझ्या भाचीचा २०१६ चा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. दुकानात तिला सांगितलं, यात आता राम उरला नाही. मागचं झाकण उघडलं, तर आत फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. बाकी सगळं ठणठणीत. त्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. त्याच यंत्रावर ती आज प्रोजेक्ट लिहिते आहे. जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुधा इथेच असतं. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी माहिती शोधत राहते आणि प्रोसेसर ताटकळतो. टास्क मॅनेजर उघडून बघा. काही काम चालू नसतानाही डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर संशय तिथेच घ्या. पातळ मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डालाच जोडलेली असते, म्हणून सुटे भाग घेण्याआधी खात्री करा.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याआधीचा असेल, तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवा. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, त्यासाठी आधीचं काही पुसावं लागत नाही. मात्र कॉलेजचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारा.

मदरबोर्ड गेला असेल, किंवा खर्चाचा अंदाज नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर हट्ट सोडा. माझं मत स्पष्ट आहे, तिथे पैसे घालू नका. पण तो लॅपटॉप भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. त्याआधी डिस्क काढून ठेवा किंवा नीट पुसून घ्या. फाइल नुसती डिलीट केली तरी आधारची प्रत, बँकेचे कागद त्यातून परत मिळू शकतात.

दोन गोष्टींना मात्र उद्या नाही. टचपॅड वर उचललं गेलं असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबू नका, टोचू नका. जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, आज रात्रीच.