लाकडी होडी भिंतीवर टांगू नका

आधीच सांगून टाकतो. शर्यतीची जुनी लाकडी होडी घासूनपुसून, पॉलिश मारून रिसॉर्टच्या भिंतीवर टांगणं मला अजिबात पटत नाही. दुरुस्त करायची तर पुन्हा पाण्यात घालण्यासाठी करावी. आता दोंडाईच्यासारख्या मिरचीच्या गावातल्या, समुद्रापासून शेकडो मैल लांब वाढलेल्या माणसानं हे सांगावं म्हणजे गंमतच आहे. आमचे मामा विचारतातच, "होडी लिसन कोठे जाशी रे भाऊ?" :-) पण ऐकून तर घ्या.

डिंगी म्हणजे एक-दोन माणसांनी चालवायची शिडाची छोटी होडी. हा शब्द इंग्रजीत आपल्याच भाषांमधून गेलाय, बरं का. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी प्लायवूड आणि पाण्यानं न सुटणारे गोंद सुधारले गेले, आणि युद्धानंतर तेच तंत्र होड्यांत आलं. १९५६ साली जॅक होल्ट या ब्रिटिश डिझायनरनं 'एन्टरप्राइझ' ही साधारण तेरा फुटी, निळ्या शिडांची होडी आखली. १९६२ साली पीटर मिल्नची सपाट नाकाची 'फायरबॉल' आली. दोन्हींचं वैशिष्ट्य एकच. नकाशा विकत घ्या, प्लायवूड कापा आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतः होडी बांधा! मापं मात्र ठरलेली. मोजणीत होडी नियमात बसली की शर्यतीत उतरायला मोकळे. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड घ्या, बिल्ड तुमचं तुम्ही करा, पण टेस्ट पास झालीच पाहिजे.

या होड्या फक्त साहेबांच्या देशातल्या नव्हेत. १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं, पण शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या. तिथे फायरबॉलमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एन्टरप्राइझचं सुवर्ण कराचीच्या बैराम आणि गोशपी आवारी या नवरा-बायकोनं नेलं. हा इतिहास आपल्याकडे किती जणांना माहीत असतो? मला स्वतःला पंचविशी उलटेपर्यंत नव्हता.

मला कळलं ते ऑफिसमधल्या एका मित्रामुळे. त्याच्या वडिलांची जुनी एन्टरप्राइझ पुण्याजवळच्या एका धरणाच्या काठी शेडमध्ये पालथी पडली होती. आम्ही चौघांनी दोन हिवाळ्यांचे शनिवार-रविवार तिच्यात घातले. सोबत एक सुतार मिस्त्री, ज्यांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या आणि होडीला आधी कधी हातही लावला नव्हता.

पहिला धडा म्हणजे होडी समुद्रापेक्षा पावसानं जास्त मरते. साचलेलं गोडं पाणी लाकडात मुरतं आणि बुरशी धरते. मग मागची उभी फळी, नाकाचा कोपरा, सेंटरबोर्डच्या पेटीची कड असं जिथे जिथे पाणी थांबतं तिथे लाकूड आतून पोखरतं. वरून रंग छान दिसतो. हातोडीच्या दांड्यानं टकटक करत गेलं की निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. हे काम मिस्त्रींच्या कानानं आमच्यापेक्षा दसपट वेगानं केलं.

प्रत्येक येणारा-जाणारा सल्ला द्यायचा, "वरून फायबर मारून टाका ना!" हा सल्ला म्हणजे बग तसाच ठेवून एरर मेसेज लपवण्यासारखा आहे. कुजक्या लाकडावर फायबर चढवलं की ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत सगळंच जातं. बरोबर रस्ता लांबचा आहे. आधी पुठ्ठ्याचा साचा काढून मूळ आकार जपायचा, मग कुजकं लाकूड चांगलं लागेपर्यंत कापायचं. नवीन मरीन प्लाय तिरक्या सांध्यानं जोडायचा, जाडीच्या आठपट लांब उताराचा. म्हणजे सहा मिलिमीटरच्या प्लायला जवळजवळ पाच सेंटिमीटरचा उतार. मग इपॉक्सी, शेवटी वॉर्निश, आणि वॉर्निश दर वर्षी. आकार हलला तर होडी तरंगेल, पण ती एन्टरप्राइझ राहणार नाही.

आता विरोधी बाजू. फायबरची होडी कुजत नाही, तिची निगा सोपी असते, आणि दोन हिवाळ्यांच्या श्रमाचा हिशोब मांडला तर आमचा सौदा शुद्ध वेडेपणाचा ठरतो. हे सगळं मला मान्य आहे. नव्यानं शिकणाऱ्या पोरांना फायबरचीच होडी द्यावी. सगळ्या जुन्या होड्या वाचवा असंही माझं म्हणणं नाही. काही काही खरंच गेलेल्या असतात.

पण एक गोष्ट विचारात घ्या. २०२५ मध्ये आपल्या नौदलात 'कौंडिण्य' नावाचं जहाज दाखल झालं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, जुन्या भारतीय पद्धतीचं. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघालं. त्याचा आकार आला कुठून? अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या चित्रातून! जळगावहून तासा-दीड तासावरच्या भिंतीवरून. तसलं एकही जहाज शिल्लक नाही, नकाशा नाही. शिवणारे हात केरळात सापडले म्हणून बरं. मग चित्रावरून आकार काढायचा, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या करायच्या... म्हणजे कोड हरवलाय आणि एका स्क्रीनशॉटवरून सगळी सिस्टिम परत लिहायची.

कौंडिण्यचा मला अभिमान आहे. पण त्यातून शिकायचं काय? होडी आहे, नकाशा आहे, मिस्त्री आहे, तोवर दुरुस्ती स्वस्त असते. यातलं एक जरी गेलं तरी पुढे संशोधन प्रकल्प काढावा लागतो. भिंतीवरची होडी बघून सांधा कसा कापायचा ते कुणालाच कळत नाही. पाण्यात जाणारी होडी मात्र दर वर्षी कुठेतरी कुरकुरते, आणि ती कुरकुर काढताना एकाचं ज्ञान दुसऱ्याकडे जातं. मुद्दा होडीपेक्षा या हस्तांतराचा आहे.

असो. नुसता उपदेश नको, एक सूचना करतो. आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लाकडाचा क्रॉस लॅप जॉइंट केला, सही घेतली आणि तो जॉइंट भंगारात गेला. त्याऐवजी एखाद्या कॉलेजनं एक जुनी डिंगी आणावी, गावातल्या दोन सुतारांना मानधन देऊन बोलवावं आणि पोरांना तिरका सांधा कापायला लावावा. धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांना तर पाण्यासाठी लांब जायलाही नको. सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजमुळे तापीत पाणी अडलेलं असतं. पोहता येणारी माणसं आणि लाइफ जॅकेट एवढी सोय केली, की होडी उतरवायला हरकत नाही.

पहिला सांधा पोरांना नक्की जमणार नाही. तो कापून दुसरा करायला लावायचा, हाच तर सगळा अभ्यासक्रम.