विश्लेषण : रोबोटचा सुटा भाग नंदुरबारला पोहोचेपर्यंत स्पर्धा का संपते?

शाळा-महाविद्यालयांतले रोबोटिक्सचे गट स्पर्धेत हरतात ते दरवेळी प्रोग्रॅम चुकल्यामुळे नाही. कधी सरावात एक मोटर ड्रायव्हर जळतो, तसाच दुसरा देशात कुठे मिळत नाही, परदेशातून मागवला तर तो कस्टम्समध्ये थांबतो आणि स्पर्धेची तारीख काही थांबत नाही. मुंबई-पुण्यातल्या गटांनाही हा त्रास आहेच. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी त्याचे स्वरूप वेगळे आहे. पार्सल नेमके कुठे अडते, का अडते आणि त्याची किंमत कोण मोजते?

पार्सल थांबते कुठे?

परदेशातून सुटा भाग येण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला खासगी कुरिअरचा. हे पार्सल विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये उतरते, कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कस्टम्सकडे कागद दाखल करते आणि त्याआधी तुमच्याकडून आधार किंवा पॅनसारखी ओळख मागते. दुसरा रस्ता टपालाचा. महाराष्ट्रातली बहुतेक परदेशी टपाल पार्सले मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून जातात. तिथेच कस्टम्सचे अधिकारी तपासणी करतात आणि शुल्क लागलेच तर ते पोस्टमन पार्सल देताना घेतो.

कागद स्वच्छ असतील तर कुरिअरचे पार्सल एक-दोन दिवसांतही सुटते. वेळ जातो तो शंका आली की. ‘स्पेअर पार्ट’ एवढेच लिहिलेले बिल, चाळीस डॉलरच्या वस्तूवर चार डॉलरची किंमत, किंवा खरेदीवर ‘गिफ्ट’ असा शिक्का या तिन्ही गोष्टी परदेशी विक्रेते ग्राहकावर उपकार म्हणून करतात आणि पार्सल नेमके त्यामुळेच अडकते. भेटवस्तूच्या नावाखाली सवलतीत माल आणायची वाट १२ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, त्यातून फक्त राखी आणि जीवरक्षक औषधे वगळली. किंमत कमी दाखवल्याचा संशय आला तर अधिकारी पैसे भरल्याचा पुरावा मागतात. तो पुरावा पाठवायचा, त्यांनी तो पाहायचा, पुन्हा प्रश्न विचारायचा, यात आठवडे निघून जातात. माल ३० दिवसांत सोडवला नाही तर कायद्याने तो विकून टाकण्याची कारवाईही होऊ शकते.

शुल्क किती पडते?

शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागते. शाळेने ८,००० रुपयांच्या मोटारी मागवल्या आणि विमानभाडे २,००० पडले, तर हिशेब १०,००० वर होतो. मूळ शुल्क १० टक्के धरले तर १,००० रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार त्या शुल्काच्या १० टक्के, म्हणजे १००. मग या ११,१०० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १,९९८. एकूण ३,०९८ रुपये. कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळे. थोडक्यात, ८,००० च्या मोटारी १३ हजारांच्या पुढे जातात.

स्वतःच्या नावावर, स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूंना वेगळा एकच दर असतो. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तो २० वरून १० टक्के करण्याची घोषणा झाली. पण शाळेने किंवा संस्थेने मागवायचे ठरवले की साधारणपणे आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी मागितला जातो. तो ऑनलाइन मिळतो, फार महागही नाही. मात्र तो काढायचा असतो हेच किती मुख्याध्यापकांना ठाऊक असेल? म्हणून मग एखादे शिक्षक स्वतःच्या नावावर पार्सल मागवतात आणि खर्च शाळेच्या हिशेबात बसवताना लेखापरीक्षकासमोर अडचणीत येतात. संशोधन संस्थांना उपकरणांवर शुल्कात सवलत मिळते, पण त्यासाठी केंद्राच्या विज्ञान विभागाकडे नोंदणी लागते. गावातली माध्यमिक शाळा त्या व्याख्येत बसत नाही.

कोणते भाग हमखास अडकतात?

सगळ्यात वर बॅटरी. रोबोटमध्ये वापरतात त्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या विमान वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्या लागतात. शिवाय भारतात अशा बॅटऱ्यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. म्हणून किटमध्ये एक बॅटरी असली की त्या एका बॅटरीपायी संपूर्ण किट अडकते.

दुसरे वायरलेस भाग. रिमोटचा ट्रान्समीटर, ब्लूटूथ किंवा वाय-फायचे मॉड्यूल यांना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण मान्यता लागते. हजारो विद्यार्थी वापरतात तो छोटा वाय-फाय बोर्डही याच गटात येतो. मान्यता उत्पादकाने किंवा आयातदाराने घ्यायची असते. एक बोर्ड मागवणारा नववीतला मुलगा ती कुठून आणणार?

तिसरी गंमत ड्रोनची. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी डीजीएफटीने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण सुट्या किंवा अर्धवट जोडलेल्या स्वरूपातले ड्रोनही त्यात आले. ड्रोनचे सुटे भाग मात्र खुले आहेत. म्हणजे चार मोटारी, चौकट आणि कंट्रोलर वेगवेगळे आले तर चालतात, पण तेच सगळे ‘क्वाडकॉप्टर किट’ म्हणून एका खोक्यात आले तर बंदीच्या कचाट्यात सापडतात. नियमामागचा हेतू देशी उद्योगाला आधार देण्याचा आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण तयार किट सगळ्यात सोयीचे असते ते शिकणाऱ्यालाच.

आणि चौथे, खेळणी. बिलावर ‘टॉय रोबोट’ लिहिले की माल खेळण्यांच्या रांगेत जातो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यांच्यावरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शैक्षणिक किट आणि खेळणे यातली रेघ बिलावरच्या एका शब्दाने ठरते.

यात चीनचा पदर वेगळाच. गलवाननंतर जून २०२० मध्ये बंदरांवर आणि विमानतळांवर चिनी मालाची सरसकट तपासणी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला अलीएक्सप्रेससह ४३ अ‍ॅप्सवर बंदी आली. हौशी मंडळींचे स्वस्त भाग मिळवण्याचे ते मुख्य दुकान होते. मोटारी आणि सेन्सर आजही बहुतांश चीनमधूनच येतात, फक्त मध्ये एक व्यापारी वाढला आहे.

हे फक्त भारतात होते का?

नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला फर्स्ट ग्लोबल ही आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा झाली. त्यात प्रत्येक देशाला एकसारखेच किट दिले जाते, म्हणजे सगळे समान पायरीवर. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींचे किट मात्र सुरक्षेच्या कारणावरून कस्टम्समध्ये कित्येक महिने अडकले. इतर गट रोबोट चालवून पाहत होते तेव्हा या मुलींकडे वस्तूच नव्हत्या. पुढे व्हिसाही दोनदा नाकारला गेला आणि तो जगभर बातमीचा विषय झाला. अखेर त्या गेल्या आणि धैर्याबद्दलचे रौप्यपदक घेऊन आल्या. व्हिसाची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, अडकलेल्या खोक्याची फारशी कोणाच्या नाही.

नंदुरबारमध्ये काय वेगळे?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्यासोबत नंदुरबार आहे.

इथला गट थेट शेन्झेनहून माल मागवण्याची शक्यता तशी कमीच. सरकारी शाळेची खरेदी शक्यतो जेम पोर्टलवरून किंवा देशी पुरवठादाराकडून होते. बाकी लोक पुण्याच्या ऑनलाइन दुकानांतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. सुरत तर रेल्वेने मुंबईपेक्षा जवळ. मग कस्टम्सचा यांच्याशी संबंध काय? संबंध असा, की त्या व्यापाऱ्याचा कंटेनर अडकला की ऑनलाइन दुकानात ‘स्टॉक संपला’ दिसते. त्याचे शुल्क, त्याचे थांबलेले भांडवल, त्याने काढलेली बीआयएस नोंदणी हे सगळे किमतीत मिसळून येते. मुलांना कस्टम्स कधी दिसत नाही, फक्त वाढलेला भाव दिसतो.

शहरातल्या गटाला पर्याय असतात. भाग जळला तर शेजारच्या महाविद्यालयातून उसना आणता येतो. एखाद्याचा मामा दुबईहून किंवा काका अमेरिकेहून येताना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या वस्तू सामानात घालून आणतो आणि शुल्काचा प्रश्नच येत नाही. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या आश्रमशाळेतल्या मुलीला ना असा मामा, ना शेजारी दुसरी प्रयोगशाळा. बॅटरी देशातल्या देशातही विमानाऐवजी बहुधा रस्त्यानेच येते. ती जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली तरी सातपुड्यातल्या गावापर्यंतचा टप्पा उरतोच. कुरिअरचा ओटीपी यायला मोबाइलला रेंज लागते, हेही शहरात कोणाच्या ध्यानात येत नाही. एक भाग जळला की शहरात दोन दिवस जातात, इथे सत्र जाते. आणि एकदा बंद पडलेला रोबोट कपाटात गेला की तो तिथेच राहतो.

प्रयोगशाळा वाढतील, भाग कोण देणार?

अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. १० लाख उभारणीला, उरलेले १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत अशा ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा झाली. आकडा मोठा आहे. पण उभारणीची यादी आणि पाचव्या वर्षापर्यंत चालण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किट एकदाच विकत घेता येते, मोटर ड्रायव्हर मात्र दर वर्षी जळतात.

यावर उपाय फार अवघड नाहीत आणि त्यासाठी दिल्लीत कायदा बदलण्याचीही गरज नाही. जिल्हा पातळीवर सगळ्या शाळांची मिळून वर्षातून एकदा सुट्या भागांची मागणी काढली, तर एकच आयातदार नोंदण्या-मान्यतांसह माल आणू शकतो. हा साठा शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात ठेवला तर भाग एसटीने दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाईल. चौकट, चाके, कंस असे भाग लॅबमधल्या थ्रीडी प्रिंटरवर निघतात, त्यांच्यासाठी पार्सलची वाटच पाहायला नको. आणि खरेदीच्या निविदेत ‘पुरवठादाराने पाच वर्षे जळाऊ भाग ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या दिवसांत द्यावेत’ ही एक ओळ घालायला तर काहीच खर्च येत नाही.