परवाना आहे, पण कुठला?

परदेश पाहण्याची मराठी मध्यमवर्गाची रीत बदलते आहे. टूर कंपनीच्या बसच्या खिडकीतून देश पाहण्यावर तरुण पिढीचे समाधान होत नाही. हनोईला उतरायचे, भाड्याची मोटारसायकल घ्यायची आणि उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगच्या घाटांतून तीन-चार दिवस भटकायचे, असे बेत आता घरोघरी शिजतात. मुलगा पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षे गाडी चालवतो, आरटीओतून त्याने आंतरराष्ट्रीय परवानाही काढला आहे. मग काळजी कसली, असे आईवडिलांना वाटते. काळजी आहे ती त्या परवान्याचीच.

'आंतरराष्ट्रीय' हा शब्दच फसवा आहे. साऱ्या जगात चालेल असा एकच एक परवाना अस्तित्वात नाही. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे करार आहेत, एक १९४९ चा जिनिव्हा करार आणि दुसरा १९६८ चा व्हिएन्ना करार. आपली पुस्तिका पहिल्या करारानुसार मिळते. राज्याराज्यांतले तिचे वेगवेगळे रंग-आकार जाऊन ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ती एकसारखी केली, तिच्यावर क्यूआर कोड आला. करार मात्र तोच राहिला. व्हिएतनाम २०१४ मध्ये १९६८ च्या करारात सामील झाला आणि त्याच कराराचा परवाना तो मानतो. म्हणजे आपली पुस्तिका तिथे निरुपयोगी. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन प्रवाशांचीही हीच गत आहे.

गंमत अशी, की हीच पुस्तिका जपानमध्ये चालते, कारण जपान १९४९ चा करार मानतो. जर्मन माणसाची स्थिती नेमकी उलटी. त्याचा परवाना हनोईत चालतो. टोकियोत मात्र त्याला मूळ परवान्याचे जपानी भाषांतर बाळगावे लागते. थायलंड दोन्ही करारांत आहे, म्हणून तिथे आपले काम होते. माझे आयुष्य बँकेत गेले. कागदाची किंमत त्याच्यावरच्या शिक्क्यावर ठरत नाही. तो ज्याच्यापुढे ठेवायचा, त्याचा आणि कागद देणाऱ्याचा व्यवहार आहे की नाही, यावर ठरते, हे तिथे रोज दिसे. परवान्याचेही तसेच आहे. चालवण्याचे कौशल्य हा वेगळा प्रश्न.

भाड्याने गाडी देणारा दुकानदार बहुधा हे काही विचारत नाही. त्याला भाडे आणि अनामत हवी असते. गाडी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली, अशी समजूत इथेच होते. १ जानेवारी २०२५ पासून व्हिएतनामने नवा कायदा आणि जबर दंड लागू केले. वैध परवान्याशिवाय १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवल्यास वीस ते चाळीस लाख डोंग, म्हणजे साधारण सहा-सात ते तेरा-चौदा हजार रुपये; त्याहून मोठ्या गाडीला साठ ते ऐंशी लाख डोंग.

'दंड भरू आणि सुटू' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण दंडाची पावती म्हणजे परवाना नव्हे. खरी मेख विम्यात आहे. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत दुचाकीचा अपघात वगळलेला असतो, किंवा चालकाकडे त्या देशात वैध असलेला परवाना हवा, अशी अट असते. घाटात पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, रुग्णाला विमानाने घरी आणावे लागले, तर तो खर्च शेवटी आईवडिलांच्या ठेवींवर येतो.

मग मार्ग कोणते? ५० सीसीपेक्षा लहान गाडीला व्हिएतनाममध्ये परवाना लागत नाही; पण चढावर ती दमते आणि विम्याची कलमे तिलाही वाचावी लागतात. तीन महिने किंवा अधिक मुदतीचा व्हिसा अथवा निवास कार्ड असेल, तर भारतीय परवान्याचे प्रमाणित भाषांतर देऊन तिथला परवाना बदलून मिळतो. चार दिवसांच्या पाहुण्याने मात्र स्थानिक चालकाच्या मागे बसावे. हा जियांगमध्ये ही सोय सर्रास आहे, आणि डोंगर मागच्या सीटवरून अधिक नीट दिसतात.

थायलंडला जाणाऱ्यांनीही पुस्तिकेत मोटारसायकलच्या 'ए' वर्गाची नोंद आहे ना, हे पाहावे. फक्त मोटारीचा परवाना असणाऱ्याला ती मिळत नाही. पुस्तिकेची मुदत फार तर एक वर्ष असते आणि मूळ परवाना सोबत लागतोच.

सरकारलाही एक काम आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये १९६८ च्या कराराला मान्यता दिली आणि २०१९ पासून तिथे दोन्ही करारांच्या पुस्तिका मिळू लागल्या. भारताने तसे करायला काय हरकत आहे? आणि ते होईपर्यंत, ही पुस्तिका कुठे चालते व कुठे नाही, याची यादी आरटीओने पुस्तिकेबरोबरच हातात ठेवावी. एका पानाचे काम आहे. पासपोर्ट घेतलास का, असे आपण मुलांना निघताना विचारतो. परवाना कुठल्या सालच्या कराराचा, हे तिकीट काढण्याआधीच विचारायला हवे.