गाडी बदलली, मागची जागा तीच

दसऱ्याच्या दिवशी आमच्या वाड्यात झेंडूच्या माळा कमी पडतात. पोरं काही सोडत नाहीत. ट्रॅक्टरला माळ, मोटारसायकलीला माळ, चारचाकीला तर पुढं एक आणि मागं एक. मग उरलीसुरली फुलं घेऊन ती गोठ्यात शिरतात. तिथं आढ्याला जुनी सायकल टांगलेली आहे, कोपऱ्यात एम-८० चा सांगाडा पडलाय आणि भिंतीला टेकवून बैलगाडीचं जू ठेवलंय. त्यांनाही एकेक फूल मिळतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस ओट्यावर बसून हे बघतो तेव्हा आपलं सगळं आयुष्यच त्याला रांगेत उभं दिसतं. शेतकऱ्याचं वय मोजायला जन्मदाखला लागत नाही, त्याच्या गोठ्यात काय काय गंजलंय ते बघावं.

आमच्या लहानपणी घरात गाड्या दोन. शेणखत, कडबा, धान्याची पोती वाहायला लाकडी चाकाची, लोखंडी धाव बसवलेली जड गाडी आणि माणसांसाठी हलकी दमणी. दमणीत बसायचे दिवस ठरलेले. महाशिवरात्रीला वेरूळचा घृष्णेश्वर, हनुमान जयंतीला खुलताबादचा भद्रा मारुती, खुलताबादचाच जर जरी बक्षचा उरूस आणि आईचं माहेर. पुढं वडील कासरा धरून, मधी आम्ही पोरं आणि पार मागं, पाय खाली सोडून, आई. ही बसण्याची रीत ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

१९७२ चा दुष्काळ आला आणि दावण मोकळी झाली. चारा नाही, पाणी नाही. डोळ्यांदेखत बैल मरण्यापेक्षा मिळेल त्या भावानं दिलेला बरा, असं म्हणून वडिलांनी जोडी विकली आणि आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्यानंतर दोन वर्षांनी घरात जी पहिली गाडी आली ती जुनी सायकल. ती माझ्या वयाची गाडी. तिच्यावर मी शाळा केली, दुधाच्या किटल्या वाहिल्या, पिठाची गिरणी केली. सपाटीवर मी सायकलवर बसायचो आणि वेरूळचा घाट लागला की सायकल माझ्यावर बसायची! त्या काळात ग्रामसेवक सायकलवर, तलाठी आप्पा लुनावर आणि बीडीओ साहेब जीपमधून यायचे. आवाजावरूनच कोण आलं ते कळायचं आणि त्याप्रमाणं माणसं घरी सापडायची किंवा सापडायची नाहीत.

लग्नाचं वय झालं की गाडीचंही वय बदलतं. आमच्या वेळी नवरदेवाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ लागायचा. पुढं राजदूत आली, मग शंभर सीसीवाल्या आल्या, मग बुलेट. आता तर टिळ्याच्या बैठकीतच ‘चारचाकीचं काय करता?’ असा सवाल होतो. हुंड्याला बंदी घालणारा कायदा १९६१ सालचा आहे, हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. पोरीच्या बापानं एकर-अर्धा एकर विकून जावयाला गाडी दिल्याची उदाहरणं तुमच्याही गावात असतील, मी सांगायला नको. गंमत म्हणावी की काय, पण त्या गाडीचे पैसे जिच्या बापानं भरले ती पोरगी त्या गाडीवर कुठं बसली? मागं. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, कडेवर लेकरू घेऊन.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. जिल्ह्यातली पोरं तिथं कामाला लागली आणि गावागावांत एम-८० दिसायला लागली. माझ्याकडंही आली. शेतकऱ्याच्या उमेदीच्या वयाची ती खरी गाडी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मधी युरियाची गोणी, पुढं पाय ठेवायच्या जागेत भाजीची पाटी, आणि एवढं सगळं लादूनही ती घाट चढायची. पडली तर उचलून चालायला लागायचं, मेकॅनिक शोधायची गरज नाही. तिच्यावर मी चार-पाच वर्षांत जेवढं कमावलं तेवढं पुढं कोणत्याच गाडीवर कमावलं नाही. नंतरच्या गाड्यांनी खर्च वाढवला, असंच म्हणावं लागेल.

ट्रॅक्टर आला २००४ साली. आता इथं जरा थांबतो, कारण आपल्या तालुक्यातल्या निम्म्या घरांचं गणित इथंच चुकतं. माझी जमीन पाच एकर. ट्रॅक्टरचं काम किती, ते मी एका वर्षी वहीत लिहून ठेवलं. नांगरट दहा-अकरा तास. रोटाव्हेटर दोनदा, त्याचे बारा. पेरणी, वाहतूक, किरकोळ कामं धरून सगळं मिळून साठ तासांच्या आत. वर्षाचे साठ तास चालायला मी दारात सात वर्षांचं कर्ज बांधलं होतं! बाकीचे दिवस तो चिंचेखाली उभा राहिला आणि सहामाही हप्ता मात्र उभा राहिला नाही. शेजाऱ्यांची कामं भाड्यानं केली म्हणून निभावलं, पण मग गावात दुसरा आला, तिसरा आला, आणि भाडं पाडापाडीनं खाली गेलं. कर्ज फिटता फिटता माझं वय पन्नाशीच्या पुढं गेलं होतं.

२०२३ साली अद्रकीला कधी नव्हे एवढा भाव मिळाला. आपल्या भागात अद्रक बऱ्यापैकी, त्यामुळं पैसा आला. आनंदच आहे, शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या तेव्हा देशभर कौतुक झालं. मग शेतकऱ्यानं बोलेरो घेतली तर नाक मुरडायचं काय कारण? पण फरक एवढाच की व्यापाऱ्याचा पैसा वर्षभर फिरतो आणि अद्रकीचा भाव पुढच्याच हंगामात उतरू शकतो. तसा तो उतरलाही. एका चांगल्या हंगामावर पाच वर्षांचा हप्ता बांधणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांची नावं लिहीत नाही, पण ती हा मजकूर वाचतील तेव्हा ओळखतील.

आता मुद्द्याकडं येतो. वयाप्रमाणं गाडी बदलते, हे सगळे मानतात. पण घरात एकच वय असतं का? आजोबा पंच्याहत्तरीचे, बाप पन्नाशीचा, पोरगा पंचविशीचा, नात चौदाची, आणि या प्रत्येक पिढीच्या बायका. गाडी घ्यायची वेळ आली की मात्र घराचं वय पंचवीसच धरलं जातं. पोरगा म्हणंल ती गाडी, पोरगा म्हणंल तो रंग. हप्ता बापाच्या नावावर, बोजा सातबाऱ्यावर, आणि आजोबा डोळ्यांच्या ऑपरेशनला जायला फाट्यावर काळीपिवळीची वाट बघत उभे.

बायकांचं तर विचारूच नका. मी गोठ्यातल्या गाड्यांची रांग बघता बघता एकदा हिशेब केला. बैलगाडीत आई मागं. सायकलच्या कॅरिअरवर बायको मागं. एम-८० वर मागं, दुधाच्या कॅनमधी पाय अडकवून. कापूस वेचायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागं. आणि चारचाकी आली तेव्हाही पुढच्या सीटवर पाहुणा, ती मागं. साठ वर्षांत पाच गाड्या बदलल्या, बाईची जागा एकदाही बदलली नाही. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला इतरांपेक्षा जास्त अनुदान मिळतं, म्हणून कैक ट्रॅक्टर घरातल्या बाईच्या नावावर असतात. कागदावर ती मालकीण. किल्ली पोराच्या खिशात.

ट्रॉलीवरून आठवलं. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, मजूर, सगळं आपण ट्रॉलीत भरतो. ट्रॉली मालासाठी असते. तिच्यात बसलेल्या माणसाला काही झालं तर विम्याचा दावा अडतो, हे कोर्टात गेल्यावर कळून काय उपयोग? सरपंच आणि पोलीस पाटलांनी लग्नसराईच्या आधी गावात हे एकदा बोलावं.

तसंच पोरांचं. आठवीतलं पोरगं पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच मोटारसायकल काढतं आणि आई कौतुकानं बघते. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला. आता अल्पवयीन पोरानं गाडी चालवून अपराध केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाला, समृद्धी तर माळीवाड्यापाशी आली. समृद्धीवर दुचाकी चालतच नाही, पण आपल्या फाट्याफाट्यांवरून महामार्ग ओलांडणारी पोरं रोज दिसतात. सोळा वर्षांचं वय म्हणजे सायकलीचं वय. ती गोठ्यातून खाली काढा.

म्हाताऱ्यांचं उलटं आहे. चाळिशीनंतर लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो आणि पंचावन्नच्या पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण येतं. आमच्या वयाचे बरेच जण हे करतच नाहीत. मोतीबिंदू पिकलेला असतो, रात्री समोरचा लाईट पडला की आंधळं व्हायला होतं, तरी ‘मला रस्ता पाठ आहे’ म्हणून ट्रॅक्टर काढतात. रस्ता पाठ असतो, पण त्यावर आडवी आलेली म्हैस पाठ नसते. मी २०२१ साली ट्रॅक्टर सोडला. सोडताना वाईट वाटलं, हे कबूल करतो. कासरा हातातून सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर मला आणि घरातल्या बाईला पहिल्यांदा एकच गाडी उरली. लाल डबा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट झाली, माझ्यासारख्यांना अर्धं तिकीट आहेच. १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट. त्यावर पारावर फार विनोद झाले, ‘आता बायका घरी सापडत नाहीत’ वगैरे. मी त्यांना एवढंच विचारलं, इतकी वर्षं त्या घरी सापडत होत्या त्या हौसेनं का? आमच्या घरात बायकोनं साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणालाही न विचारता, कुणाच्याही मागं न बसता माहेर केलं. तिचं तिकीट तिनं काढलं आणि खिडकी तिनं निवडली.

पण सवलत तिकिटावर आहे, गाडी गावात येते का हा वेगळा प्रश्न. फाट्यावरच्या गाडीला सवलत मिळून उपयोग काय, जर फाटा तीन किलोमीटर लांब आणि गुडघे दुखत असतील? सकाळी शाळेच्या वेळेला एक फेरी, बाजाराच्या दिवशी एक आणि संध्याकाळी परतीची एक, एवढं जरी झालं तरी निम्म्या घरांना दुसरी गाडी घ्यावी लागणार नाही. यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो. किती प्रवासी, किती विद्यार्थी, कोणत्या वेळेला, याची यादी जोडून तो आगाराकडं पाठवावा लागतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती आहे की पुढच्या सभेत रस्त्याच्या आणि गटारीच्या विषयांबरोबर हाही विषय घ्यावा, आणि ठरावावर बायकांच्या सह्या आधी घ्याव्यात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, छोट्या मोटारी आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकी अठ्ठावीसवरून अठरावर. किंमत उतरली हे चांगलंच. पण विकणारे गावात येऊन ‘आता नाही तर कधी’ म्हणतात तेव्हा आपण वही काढावी. ट्रॅक्टरचे तास मोजावेत. पाच-सहा एकरवाल्या चार भावकीनं मिळून एक घ्यावा किंवा गटाच्या अवजार बँकेतून भाड्यानं लावावा. आणि उरलेल्या पैशात गाडी घ्यायचीच असेल तर घरात सगळ्यात अडलेलं माणूस कोण, ते आधी विचारावं. बहुतेक वेळा ते पंचविशीचं पोरगं नसतं.

आमच्याकडं यावेळी बराच वाद झाला. पोराला मोठी चारचाकी हवी होती. शेवटी आली ती स्कुटी, आणि ती सुनेसाठी. तिची आई दोन गावं पलीकडं आजारी असते आणि पोरीची शाळा फाट्यापलीकडं. सूनबाई खळ्यावर शिकली. पहिल्या दिवशी कडब्याच्या गंजीत घुसली, दुसऱ्या दिवशी पडली, कोपर सोललं. पारावरची मंडळी बघायला यायची. आठ दिवसांनी यायची बंद झाली. लर्निंग लायसन झालं, मग पक्कंही झालं.

आता मला दवाखान्यात जायचं असलं की फाट्यापर्यंत तीच सोडते. ‘मामा, नीट बसा, पिशवी मधी ठेवा,’ म्हणते. मी मागं बसतो. अडुसष्ट वर्षांत मागं बसायची सवय नाही, त्यामुळं हात कुठं धरायचा आणि पाय कुठं ठेवायचे, ते मला अजून नीट जमत नाही.